‘फ्रेम आहे ताई, ठोकून बघा’

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये परभणीतल्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या तीन दिवसांच्या सेलमधून मी २,२०० रुपयांना एक ट्रेकिंगची सॅक घेतली आणि फसले. रक्कम फार मोठी नाही, त्यामुळे घरातले सगळे ‘जाऊ दे’ म्हणून मोकळे झाले. परंतु त्या सॅकेने दोन दिवस माझ्या डाव्या हाताची बोटे बधिर केली आणि पाच मैत्रिणींच्या सहलीचा विचका केला, म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहून ठेवत आहे. असे सेल एका गावात थांबत नाहीत. आज परभणी, तर पुढच्या आठवड्यात दुसरे एखादे गाव.

आम्ही पाचही जणी शिक्षिका आहोत. सप्टेंबरच्या अखेरीस पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जायचे आणि एक मुक्काम करायचा, असे ठरले होते. परभणीला चढ नावाचा प्रकार नाही. कृषी विद्यापीठाच्या सपाट रस्त्यांवर पहाटे चालणे आणि शाळेचे जिने चढउतार करणे, एवढाच आमचा सराव. बूट, टॉर्च, रेनकोट यांची चर्चा महिनाभर झाली, पण सॅकेचा विचार कुणीच केला नाही. सॅक म्हणजे पिशवीच, तिच्यात काय बघायचे, असे मला खरोखरच वाटत होते. त्यातच वर्तमानपत्राबरोबर एक हँडबिल घरात आले: ‘एक्स्पोर्टचा माल, कंपनी बंद पडल्यामुळे विक्री, फक्त तीन दिवस’. त्यात जांभळ्या रंगाच्या सॅकेचे छायाचित्र होते आणि खाली ‘खास महिलांसाठी, ५५ लिटर’ असे छापलेले होते.

विक्रेता तिशीतला आणि बोलण्यात अतिशय अदबशीर होता. मी सॅक हातात घेताच त्याने ती उलटी केली, पाठीकडची बाजू बोटांच्या पेरांनी ठोकली आणि म्हणाला, “फ्रेम आहे ताई, ठोकून बघा. ॲल्युमिनियमची आहे. दुकानात ह्याच मालाचे सात हजार देता तुम्ही.” फ्रेम म्हणजे सॅकेच्या पाठीत घातलेला, तिला ताठ ठेवणारा सांगाडा. मी ठोकून पाहिले. टणक आवाज आला. मग त्याने ती माझ्या पाठीवर चढवली, कमरेचे बक्कल स्वतः लावून दाखवले आणि समोर आरसा धरला. सॅक गच्च फुगलेली होती, तरी पाठीवर अजिबात ओझे वाटत नव्हते. मला ती त्या सॅकेची करामत वाटली. प्रत्यक्षात आत चुरगाळलेले कागद आणि थर्माकोलचे तुकडे भरलेले होते, आणि एवढ्या वजनाला तर बाजाराची कापडी पिशवीसुद्धा पाठीवर आरामदायकच वाटली असती.

किमतीच्या चिकटपट्टीवर ६,९९९ रुपये होते. नाव एका प्रसिद्ध कंपनीचे वाटले. त्यातले एक अक्षर वेगळे होते हे माझ्या मुलीच्या लक्षात आले, पण घरी आल्यावर. पावती म्हणून ‘एस्टिमेट’ असे छापलेला एक चिटोरा मिळाला. त्यावर दुकानाचे नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत होते. पैसे मी फोनवरून दिले. पडद्यावर जे नाव आले ते विक्रेत्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हते. मी विचारले, तेव्हा तो हसून “मालकाचा नंबर आहे” म्हणाला आणि मी पुढे काही बोलले नाही.

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या इतर वाटांच्या मानाने सोपी समजली जाते, आणि गडाची उंची १,४२४ मीटर असली तरी पाचनई गावच बरेच उंचावर असल्यामुळे चढ आवाक्यातला आहे. माझ्या पाठीवर सुमारे ११ किलो ओझे होते. माझे वजन ५४ किलो आहे, आणि मुक्कामाच्या ट्रेकसाठी स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच ओझे घ्यावे असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे मी त्या मर्यादेवरच होते. तरीही पहिल्या अर्ध्या तासातच खांद्यांना रग लागली. कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी तो घसरून कुल्ल्यांवर जाऊन बसे, आणि पाऊल उचलले की मांडीच्या वरच्या भागाला आडवा येई. खांद्यांचे पट्टे एकमेकांपासून इतके लांब होते की ते बाहेरच्या बाजूला सरकत आणि मी दोन्ही हातांनी ते आत ओढून धरत चालत होते. छातीचा पट्टा लावला, तर तो नको तिथे दाबू लागला आणि श्वास अडकल्यासारखे झाले. दुपारी पाऊस सुरू झाला. तासाभरात पाठीकडची ती टणक बाजू मऊ पडली, मधोमध मोडली आणि आतला स्टीलचा डबा थेट मणक्यावर टोचू लागला. शेवटच्या टप्प्यात उजव्या खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवली. माझे निम्मे सामान चौघींनी वाटून घेतले आणि ती सॅक मी लहान मुलासारखी पोटाशी धरून गडावर नेली. केदारेश्वराच्या गुहेपर्यंत मी गेले खरी, पण तिथे काय पाहिले यापेक्षा बोटांना मुंग्या कशा येत होत्या तेच आज अधिक आठवते. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, खांद्यावरून हाताकडे जाणाऱ्या नसांवर पट्ट्याचा दाब पडत राहिला की असे होते.

सॅक दुरुस्त होईल या आशेने मी ती स्टेशन रोडच्या बाजूला बसणाऱ्या, बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्यांची नात आमच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे ते मला ‘बाई’ म्हणतात. त्यांनी ब्लेडने पाठीची शिवण उकलली, आत दोन बोटे घातली आणि लगदा झालेला करड्या रंगाचा तुकडा बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. “बाई, ह्याच्यात फ्रेम कुठं हाय? पुठ्ठं हाय नुस्तं. बुटाच्या खोक्याचं.” त्या ओल्या तुकड्यावर अर्धवट छापलेला आकडा दिसत होता, तो खरोखर बुटाचे माप होता. त्यानंतर त्यांनी खांद्याच्या वरच्या बाजूचे ते लहान पट्टे दाखवले, जे ओढले असता ओझे पाठीला चिकटून राहते असे विक्रेत्याने सांगितले होते. ते फ्रेमला जोडलेले असायला हवेत. इथे फ्रेमच नव्हती, म्हणून ते वरच्या कापडाला शोभेसाठी टाचलेले होते. कमरेच्या पट्ट्याचेही तेच. ज्या ठिकाणी ताण पडतो तिथे आडव्या दाट टाक्यांची शिवण लागते, आणि इथे सगळीकडे एकच सरळ टीप मारलेली होती.

फसवणुकीचा हा भाग डोळ्यांना दिसणारा होता. दुसरा भाग मला फार उशिरा समजला, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. ही सॅक महिलांसाठी बनवलेलीच नव्हती; पुरुषांच्या मापाच्या हलक्या प्रतीच्या सॅकेला जांभळे कापड लावलेले होते. महिलांच्या सॅकेत फरक असतो तो मापांचा. उंची सारखी असली तरी बाईचे धड सरासरीने आखूड असते, खांदे अरुंद असतात आणि कंबरेखालचा भाग रुंद व उतरता असतो. म्हणून चांगल्या महिला-सॅकेची पाठ आखूड ठेवतात, खांद्यांचे पट्टे जवळजवळ लावून त्यांना छातीच्या बाजूने वळण देतात आणि कमरेचा पट्टा तिरका कापतात. ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांनी नव्हे, तर कमरेच्या हाडांनी पेलायचा असतो, आणि तो पट्टा हाडांवर बसला नाही की बाकीच्या सगळ्या सोयी व्यर्थ ठरतात.

पाठीचे माप घेणे अगदी सोपे आहे. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी मणक्याचे एक हाड ठळक लागते. तिथपासून, कमरेवर दोन्ही हात ठेवल्यावर मागच्या बाजूला अंगठे ज्या रेषेत येतात त्या रेषेपर्यंत, टेप मणक्याला धरून लावायचा. माझे माप ३९ सेंटीमीटर भरले. त्या सॅकेच्या खांद्यांच्या पट्ट्यांपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंतचे अंतर ५१ सेंटीमीटर होते. बारा सेंटीमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी अर्ध्या इंचासाठी दोनदा टेप लावतो, आणि ११ किलो वजन वाहणाऱ्या वस्तूसाठी मी एकही माप घेतले नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

मग लिटरचीही परीक्षा घ्यायचे ठरवले. सॅकेची क्षमता मोजण्यासाठी अमेरिकेत एएसटीएम एफ२१५३ नावाची एक चाचणी पद्धत आहे. तिच्यात २० मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे सॅकेत भरून घनफळ काढतात. माझ्याकडे गोळे कुठून येणार? मी किराणा दुकानातून चार किलो मुरमुरे आणले, सॅकेत स्वच्छ जुनी चादर अंथरली आणि दुधाच्या एक लिटरच्या मापाने मुरमुरे भरायला सुरुवात केली. मुलगी मोजत होती. मोठा कप्पा तेहतिसाव्या मापाला भरला, आणि बाहेरच्या सगळ्या खिशांत मिळून आणखी पाच मापे मावली. एकूण ३८. चादरीने थोडी जागा खाल्ली असे धरले तरी ५५ चा आकडा फार लांब राहतो. त्यानंतर आठ दिवस आमच्या घरी न्याहारीला मुरमुऱ्यांचा सुशीलाच होता.

तक्रारीचे काय झाले तेही सांगते. मंगल कार्यालयात चौकशी केली, तेव्हा तिथल्या कामगाराने सांगितले की ती माणसे रविवारी रात्रीच टेम्पो भरून निघून गेली. हँडबिलावरचा फोन बंद होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. त्यांनी नीट ऐकून घेतले, परंतु विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. म्हणजे त्या चिटोऱ्यावरच्या ठळक वाक्याला कायद्यापुढे काही किंमत नव्हती. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. हे सगळे माझ्या बाजूने होते, फक्त नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची ते दार नव्हते. वेष्टनात बंद करून विकलेल्या मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असला पाहिजे, असे २०११ चे वैधमापनशास्त्राचे नियम सांगतात. माझी सॅक ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली तिच्यावर किमतीच्या चिकटपट्टीशिवाय काहीही नव्हते. ही एक गोष्ट मी त्याच वेळी पाहिली असती, तरी पुढचे सारे टळले असते.

नंतर मी छत्रपती संभाजीनगरला मुलीकडे गेले असताना एका नेहमीच्या दुकानातून दुसरी सॅक घेतली. जाताना टेप नेला, आणि पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या नेल्या. त्या सॅकेत भरून मी दुकानाच्या जिन्यावर वीस मिनिटे चढउतार केली. दुकानातल्या मुलीला त्याचे काही वाटले नाही. उलट तिनेच मला आधी सगळे पट्टे सैल करून, पहिल्यांदा कमरेचा, मग खांद्यांचा, मग छातीचा आणि शेवटी वरचे लहान पट्टे आवळायला शिकवले. ही सॅक ४५ लिटरची आहे आणि रंग राखाडी आहे. ती पहिलीपेक्षा बरीच महाग पडली. पावसात तिच्याही शिवणींतून थोडे पाणी झिरपते, कारण कापडाला पाणी रोखणारा लेप असला तरी सुईची भोके राहतातच. म्हणून वरून रेनकव्हर घालते आणि कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते.

या फेब्रुवारीत पुन्हा एक हँडबिल आले. सेलचे नाव नवे होते, मंगल कार्यालयही वेगळे होते, पण छायाचित्र तेच जांभळे. मी टेप पर्समध्ये टाकून गेले. विक्रेता दुसरा होता, बोलणे मात्र शब्दाशब्दाला तेच: “फ्रेम आहे ताई, ठोकून बघा.” मी म्हटले, ठोकत नाही, पाठीची चेन उघडून तेवढी ती फ्रेम बाहेर काढून दाखवा, आणि बिलावर दुकानाचा पत्ता लिहून द्या. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या हातातल्या टेपकडे पाहिले आणि म्हणाला, “तुम्हाला घ्यायची नसेल तर राहू द्या मावशी.” शेजारी कॉलेजची एक मुलगी पाठीवर तीच सॅक चढवून आरशात बघत होती. तिने ती उतरवली, पाठ वर करून टेबलावर ठेवली आणि मला विचारले, “काकू, टेप देता का जरा?”