कुबरनेटिसवर मॅकचे बिल्ड: आठ महिने वापरून

आधी आमचे आयओएस बिल्ड, म्हणजे कोडपासून आयफोनचं अ‍ॅप तयार करण्याची कामं, चार मॅक मिनींवर चालायचे आणि चौघांचे स्वभाव चार. एकावर रुबीची जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर कुणीतरी हाताने टाकलेलं सर्टिफिकेट. बिल्ड फुटला की पहिला प्रश्न एकच: कुठल्या मशीनवर? लिनक्सची सगळी कामं कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर कामं वाटून चालवणाऱ्या प्रणालीवर, होतीच, म्हणून क्लाउडवर 8 अ‍ॅपल सिलिकॉन मॅक घेतले आणि त्यांनाही त्याच दावणीला बांधायचं ठरवलं.

ते सरळ बांधता येत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कुबरनेटिस कामं कंटेनरमध्ये चालवतं, आणि कंटेनर म्हणजे प्रोसेस वेगवेगळ्या ठेवणाऱ्या, लिनक्स कर्नलच्या नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींचा खेळ. मॅकओएसच्या कर्नलमध्ये ते नाहीत, आणि एक्सकोड (अ‍ॅप बनवायचं अ‍ॅपलचं साधन) मॅकओएसशिवाय हलत नाही. म्हणून मधे व्हर्च्युअल क्युबलेट बसवला, जो कुबरनेटिसपुढे खऱ्या नोडचं सोंग घेतो. कुबरनेटिसला वाटतं पॉड (त्याच्या भाषेत कामाचं एकक) सुरू झाला. प्रत्यक्षात मॅकवरचा आमचा एजंट टार्ट हे साधन वापरून एक व्हीएम (मॅकच्या आत चालणारा आभासी मॅक) उठवतो आणि बिल्ड संपला की पुसून टाकतो. मॅकचे बिल्ड लिनक्सच्या शेजारी एकाच यादीत दिसतात, याचं सुख मोठं आहे. लॉग मात्र आपोआप मिळत नाहीत, ती जोडणी आम्हालाच लिहावी लागली.

कुठलं काम कुठल्या मशीनवर हे ठरवणाऱ्या शेड्युलरची हुशारी इथे फारशी कामाची नाही. अ‍ॅपलच्या परवान्यानुसार एका मॅकवर मॅकओएसच्या दोनच व्हीएम, आणि सिस्टिमही तिसरी उठू देत नाही, मेमरी कितीही मोकळी असो. म्हणजे 8 मॅक, 16 जागा, विषय संपला. आम्ही प्रत्येक नोडवर, म्हणजे मॅकवर, ‘मॅक-स्लॉट: 2’ असा स्वतंत्र रिसोर्स जाहीर केला आणि सीपीयूचा हिशोब सोडून दिला. ऑटोस्केलिंगचं, म्हणजे गर्दीप्रमाणे मशीन आपोआप वाढवण्या-घटवण्याचंही तेच. मॅक भाड्याने द्यायचा तर किमान सलग 24 तासांसाठी, अशी अट परवान्यातच आहे. दुपारी दोन तास गर्दी झाली म्हणून मशीन वाढवलं, तर पैसे दिवसभराचे. आम्ही ऑटोस्केलिंग बंद करून रिलीजच्या बिल्डना रांगेत प्राधान्य दिलं. तक्रारी थांबल्या.

तिसऱ्या महिन्यातली एक दुपार मात्र लक्षात राहिली. एका मॅकवर व्हीएम उठायची, पण तिला आयपी मिळायचा नाही; पॉड नुसते लटकलेले. बाकी सात मॅक ठणठणीत. दीड तास नेटवर्क पॉलिसी उकरत बसलो, क्लाउडवाल्यांना तिकीटही टाकून झालं. शेवटी त्या मॅकवरची डीएचसीपी लीजची (कुठला आयपी पत्ता कुणाला, किती वेळ दिला याची) फाइल उघडली तर ती नोंदींनी गच्च भरलेली. आमची प्रत्येक व्हीएम नवा MAC अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा क्रमांक; अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) घेऊन येते, आणि मॅकओएस तिला दिलेला पत्ता 86,400 सेकंद, म्हणजे अख्खा दिवस राखून ठेवतो. व्हीएम चार मिनिटांत मेली तरी पत्ता अडकलेला. सबनेटमध्ये पत्ते अडीचशेच्या आसपास, आणि आम्ही लिंटसारख्या (कोडची वरवरची तपासणी) किरकोळ जॉबलाही नवी व्हीएम देत होतो. लीजची मुदत 600 सेकंद केली, प्रकरण मिटलं. तिकीट गुपचूप बंद केलं.

इमेज, म्हणजे व्हीएम जिच्यावरून उठते ती तयार डिस्क, हे खरं रोजचं काम. एक्सकोड आणि सिम्युलेटर धरून आमची इमेज 70 जीबीच्या पुढे जाते. एकदा मॅकवर उतरली की एपीएफएस या मॅकच्या फाइल सिस्टिममधल्या क्लोनमुळे नवी प्रत काही सेकंदांत तयार, पण पहिल्यांदा उतरताना जीव जातो. नवी इमेज आम्ही रात्रीच सगळ्या मॅकवर उतरवून ठेवतो आणि मगच पाइपलाइनचा टॅग बदलतो. हे शहाणपण एका सोमवारी सकाळी आठही मॅक एकदम डाउनलोडला लागल्यावर आलं.

कोड सायनिंगने, म्हणजे अ‍ॅपवर डिजिटल सही करण्याने, दोन दिवस खाल्ले. एसएसएचवरून आलेल्या सेशनमध्ये कीचेन (सहीच्या किल्ल्या ठेवायची मॅकची तिजोरी) कुलूपबंद असते आणि येणाऱ्या एररमधून काही बोध होत नाही. आता प्रत्येक बिल्ड स्वतःची तात्पुरती कीचेन बनवतो, उघडतो आणि किल्लीची पार्टिशन लिस्ट (ती कुणी वापरायची याची यादी) लावून मगच सही करतो.

दोन-तीनच मॅक असतील तर या वाटेला जाऊ नका; टार्ट आणि एक बरी शेल स्क्रिप्ट पुरे. आमच्याकडे लिनक्सचं क्लस्टर आणि ते सांभाळणारी माणसं आधीपासून होती, म्हणून हे परवडलं. यजमान मॅकवरचं मॅकओएस मात्र अजून आम्ही हातानेच अपग्रेड करतो, एकेक मॅक रांगेतून बाजूला काढून.