४४,६१४ रुपयांचं कन्व्हर्टर: साउंडवाल्यांनो, पैसे टाकण्याआधी वाचा

चव्वेचाळीस हजार सहाशे चौदा रुपये, लॅपटॉप स्पीकरला जोडायच्या नकली डबीत गेले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण गावात तो फुगत फुगत परवा एका लग्नात पाऊण लाखावर गेलेला ऐकला. खरा हिशेब असा. दोन 'इंडस्ट्रियल आयसोलेटेड' (दोन्ही बाजूंची वीज अलग ठेवणारे) कन्व्हर्टर, प्रत्येकी ११,४००, म्हणजे २२,८००. 'सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हेशन' ९,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,८१४. झाले ३८,११४. त्यातले अर्धे, १९,०५७, आगाऊ आणि तेवढेच डेमोनंतर. शेवटी 'रिमोट कमिशनिंग'चे, म्हणजे दुरून चालू करून द्यायचे, ६,५००, तेही बिनबिलाचे. यातला बहुतेक पैसा वर्गणीचा. म्हणून जास्त जळतं.

मी खान्देशातला, तापीकाठचा साउंडवाला. लग्न, सप्ताह, कानबाई, प्रचारसभा, सगळं करतो. आमच्या देवळाचा नवा सभामंडप आरसीसीचा, वर घुमट, खाली ग्रॅनाइट. कीर्तनकाराचा एक शब्द संपत नाही तोच आधीचा भिंतीवर आपटून परत येतो. साधे बॉक्स कितीही टांगा, घुमतंच. म्हणून पंच कमिटीने शहरातल्या एका सभागृहातून निघालेले चार डिजिटल कॉलम, म्हणजे खांबासारखे उभे स्पीकर, घेतले. यात प्रत्येक छोट्या स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो, आत डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी चिप, असते. आवाजाचा झोत किती खाली झुकवायचा, डिले किती (आवाज किती उशिरा सोडायचा), सगळं कॉम्प्युटरवरून ठरतं. कॉलम चांगले निघाले, विकणाराही सरळ माणूस. फक्त त्यांना हुकूम पोचवायची तार आरएस-४८५ची (दोन तारांवरून हुकूम नेण्याची पद्धत), आणि आजच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट असतो कुठं? मधे यूएसबीचं कन्व्हर्टर लागतं. एवढ्याशा डबीसाठी हे रामायण.

साउंडवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर तासाभरात फोन. गोड बोलणं, कॉलमच्या मॉडेलची खडान्‌खडा माहिती, आणि मग भीती: "दादा, साधं कन्व्हर्टर लावलंत तर डीएसपी लॉक होईल, बोर्ड जळेल, मग कंपनीही हात लावणार नाही." पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. बिलावर फर्म एक, यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं. पण आमच्या धंद्यात पैसे मालकाच्या नाहीतर त्याच्या मुलाच्या नावावरच जातात. यावरून मला कुणी शहाणपण शिकवू नये.

डबी आली ती बघण्यासारखी. काळं अ‍ॅल्युमिनियम, सोनेरी स्टिकर, हिरवं टर्मिनल, हातात घेतली की वजन लागतं. लॅपटॉपला लावली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आणि नावाच्या जागी इंग्रजीत चक्क वाक्य: पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क करा. मी संपर्क केला ना! विक्रेत्यालाच फोटो पाठवला. तो म्हणाला, "विंडोज ११ ची नाटकं आहेत, जुना ड्रायव्हर टाका." आणि जुना ड्रायव्हर टाकल्यावर त्रिकोण गेला, पोर्ट दिसायला लागला. खोट्या चिपांवर नवा ड्रायव्हर अडतो आणि जुना चालतो, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंच आहे. म्हणजे गडी अर्धं खरं बोलत होता. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडायचं कसं, ते मला सांगा.

आता ती जागा, जी आठवली की अजून कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी तो एनीडेस्कवरून (दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं अ‍ॅप) माझ्या लॅपटॉपमध्ये शिरला. स्क्रीनवर सॉफ्टवेअर उघडलं, चार कॉलमची चित्रं, एकेक करत चारही हिरवे. खाली तापमान, झोताचा कोन, सगळे आकडे. फोनवर म्हणतो, "बघा दादा, चारही ऑनलाइन." मागे आमचा पोरगा तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून उभा होता. तो काढून म्हणाला, "दादा, वायर आजून मन्हा हातमा शे."

वायर त्याच्या हातात. दोन्ही टोकं सोललेली, टर्मिनलचे स्क्रू ढिले. आणि स्क्रीनवर चारही कॉलम हिरवे!

मी फोनवर विचारलं. विचारलं बरं का, गप्प बसलो नाही. तो एका क्षणात म्हणाला, "आधीच्या टेस्टचा कॅशे आहे, वायर जोडली की रिफ्रेश होईल." त्याने आधीच भरून ठेवलेली ऑफलाइन फाइल उघडली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्या एका कानाला फोन, दुसऱ्या बाजूला कमिटीचे नाना विचारताहेत, "झालं का रे?", मंडपवाला लाइट बंद करायला सांगतोय. मी १९,०५७ पाठवले. मग 'शेवटचं लॉक काढायला' ६,५००. त्या धावपळीत तुमच्यापैकी किती जण वायरकडे बघत बसले असते?

वायर जोडली. एक कॉलम हलेल तर शपथ. फोन लागत होता तो लागेना. सप्ताह जुन्या बॉक्सांवर काढला. काल्याच्या दिवशी मागच्या रांगेतून एक आबा मोठ्यांदा म्हणाले, "इतला पैसा गयात अन् डबडं मुकंच शे!" माइक चालू होता.

जळगावच्या एमआयडीसीत दालमिलचे कंट्रोल पॅनल करणारा एक ओळखीचा आहे. मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हशी बोलायला त्यांना रोज हीच आरएस-४८५ लागते. त्याने डबी उघडली. आत बोटभर हिरवा बोर्ड, चिपवरचं नाव घासून काढलेलं, गरम गोंदाचा गोळा, आणि वजनासाठी चिकटवलेले दोन लोखंडी वायसर. वर हे मुळात ४८५ नव्हतंच. यूएसबी ते आरएस-२३२ची (जुन्या सिरीयल पोर्टची) साधी केबल कापून टर्मिनलवर ए आणि बी, ही ४८५च्या दोन तारांची नावं, लिहिली होती. २३२ मध्ये सिग्नल ग्राउंडच्या हिशेबाने जातो आणि पंधरा मीटरच्या आसपास दम टाकतो. ४८५ मध्ये दोन तारांमधला फरक मोजतात, म्हणून ती बाराशे मीटरपर्यंत जाते आणि एका जोडीवर ३२ उपकरणं बसतात. २३२ची भाषा कॉलमला कळणारच नव्हती. पॅनलवाल्याने खरं आयसोलेटेड कन्व्हर्टर दिलं, बिलासकट २,३६० रुपयांत. ए-बी एकदा अदलाबदल करावी लागली (कंपन्या उलटसुलट लिहितात, आधी हे करून बघा, मग शिव्या द्या), तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले आणि चारही कॉलम बोलले. खोट्या चिपांचा धंदा काही आजचा नाही. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटने नकली चिपा बंदच पाडल्या होत्या, तेव्हा जगभर ओरड झाली होती. मला मात्र कुणी सांगितलं नाही.

आता सरकारी दार. ठाण्याचं नाव लिहीत नाही, उद्या तिथंच जायचंय. पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" मी डबी टेबलावर ठेवली, वायसर दाखवले. साहेबांनी ते हातात घेऊन विचारलं, "हे स्पीकरच्या आत बसतं का?" अर्जात हवालदाराने 'कॉम्प्युटरची पिन' असं लिहिलं. ४४,६१४ ची पिन! मी म्हटलं, ४२० जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलंय, फसवणूक त्यात बसते. तर म्हणे, "वकील आहात का?" तिथून सायबरवाल्यांकडे. ते म्हणाले, ओटीपी गेला नाही, खातं हॅक नाही, पैसे तुम्हीच पाठवले, हा दिवाणी वाद. बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई स्क्रीनकडे बघून म्हणाली, "व्यवहार यशस्वी दाखवतोय." यशस्वी झाला म्हणूनच तर आलोय, बाई! खातं गोठवायला पोलिसांचं पत्र हवं, पत्राला गुन्हा नोंद हवा, गुन्ह्याला बँकेकडून समोरच्याचा पत्ता हवा. एनीडेस्कवरून माणूस माझ्या लॅपटॉपमध्ये शिरला, हे सायबर नाही तर काय शेतीचा बांध आहे? पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता.

त्यातल्या त्यात ग्राहक आयोग बरा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. 'धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू कायद्याने धरली जाते. माझी अडचण वेगळीच, नोटीस पाठवायची कुठे? बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, २४ गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेलं कापडाचं दुकान निघालं. दोन मिनिटांचं काम आहे, आगाऊ रक्कम टाकण्याआधी करा. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पैसे पुढे सरकण्याआधी अडले तर अडले.

आणि डेमोला स्क्रीन बघूच नका. एक कॉलम म्यूट करायला सांगा. समोरचा कॉलम खरंच गप्प झाला तरच खिशात हात घाला. दोन कन्व्हर्टर असतील तर ए ला ए, बी ला बी जोडा, पोर्टवर अक्षरं पाठवणाऱ्या साध्या टर्मिनल प्रोग्रामच्या दोन खिडक्या उघडा, एकीत अक्षर टाइप करा, दुसऱ्या खिडकीत उमटलं पाहिजे. त्याला ना विकतचं सॉफ्टवेअर लागतं, ना अ‍ॅक्टिव्हेशन.

त्या माणसाचा जुना नंबर बंद आहे, पण तीच डबी, तेच सोनेरी स्टिकर, परवा दुसऱ्या एका ग्रुपवर १२,९०० ला दिसलं. तुमच्याकडे तशी डबी आली असेल तर व्हिडिओ चालू ठेवूनच उघडा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या अर्जावर 'पिन' लिहितात, चार अर्ज एकदम गेले तर निदान कन्व्हर्टर तरी लिहावं लागेल.