इकोलिंक आणि वेबएसडीआर : नऊ महिने कान लावून बसल्यावर

आधी सांगतो, मी दारव्हा तालुक्यातला मास्तर. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेतली सरकारी ओळख) आहे. कडुलिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत ताणलेला ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना आहे, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटर तार. जवळपास रिपीटर (सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं केंद्र) नाही, त्यामुळे हातातला जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ सेट इथे शोभेचाच. म्हणून इंटरनेटच्या वाटेला लागलो.

पहिलं इकोलिंक, इंटरनेटवरून हॅम लोकांना एकमेकांशी बोलू देणारं. २००२ साली जोनाथन टेलर (के१आरएफडी) यांनी काढलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण परवान्याची प्रत दिल्याशिवाय आत घेत नाही. नुसतं ऐकायचं असलं तरी नाही. मला हे बरंच वाटलं, कारण पलीकडे बोलणारा खरा हॅम असतो. यादीत कॉलसाइनपुढे 'आर' असेल तर तो रिपीटर आणि 'एल' असेल तर साधा लिंक (नेटला जोडलेला रेडिओ सेट), म्हणजे दोन्हीकडे तुमचा आवाज तिकडे खऱ्या अँटेनातून बाहेर पडतो. नवख्याने आधी ९९९९ नंबरचा इकोटेस्ट लावावा. आपण बोललेलं तो जसंच्या तसं परत ऐकवतो. मी माइक तोंडाला चिकटवून बोलतो हे मला तिथे कळलं, बायको दहा वर्षांपासून सांगत होती.

त्रास झाला तो पोर्टांचा, म्हणजे नेटवरून आत यायच्या दारांचा. इकोलिंकला यूडीपी ५१९८ आणि ५१९९ बाहेरून उघडे लागतात. आमच्या गावातल्या इंटरनेटवाल्याने शंभर घरांना मिळून एकच पत्ता दिलेला, त्यामुळे ती दारं माझ्यासाठी उघडेनात. त्याला तीन फोन केले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "सर, नेट चालू आहे ना, मग काय पाहिजे अजून?" शेवटी मोबाइलच्या अॅपमध्ये रिले (मधला सर्व्हर) निवडला आणि काम भागलं. डेटा फार खात नाही. आवाजाचा कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) जुन्या जीएसएम मोबाइलचा, सेकंदाला १३ किलोबिट, त्यामुळे नेटच्या दोन काड्या असल्या तरी शब्द तुटत नाहीत. फक्त समोरच्याचं संपल्यावर दोन सेकंद थांबून बोला. नाहीतर लिंक मोकळा व्हायच्या आतच तुमचा पहिला शब्द गिळला जातो.

तरी महिन्याभरात इकोलिंकचा मला थोडा कंटाळा आला. सगळे आवाज फोनसारखे स्वच्छ. खरखर नाही, सिग्नल वरखाली होणं नाही. बँड कुठे आहे त्यात?

मग वेबएसडीआर, म्हणजे दूरचा खरा रेडिओ नेटवरून ऐकायची सोय. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर ब्राउझरमध्येच उघडतो. ना परवाना, ना लॉगिन, शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐका. एका वेळी शेकडो लोक आपापल्या फ्रिक्वेन्सीवर बसलेले असतात, कुणाचा कुणाला धक्का नाही. जून-जुलैत विजा कडाडायला लागल्या की मी अँटेनाची केबल (कोअॅक्स) काढून खिडकीबाहेर टाकतो. ते दोन महिने मी याच्यावर काढले.

याचा खरा उपयोग मात्र दिवाळीनंतर कळला. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या सेटवर ७ मेगाहर्ट्झला रात्रभर टक... टक... टक... सेकंदाला एक. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस मीटरचा काटा दर ठोक्याला उडी मारायचा. मला वाटलं सेटच बिघडला. मग ब्राउझरमध्ये दक्षिणेकडच्या अशाच एका वेबएसडीआर रिसीव्हरवर तीच फ्रिक्वेन्सी लावली. तिथे टकटक नावालाही नाही, आणि सेटवर मला जे स्टेशन अर्धवट येत होतं ते पूर्ण वाक्यात बोलत होतं. म्हणजे बँड चालू होता, खोट माझ्या आवारात होती. लाइट गेली की एलईडी आणि इन्व्हर्टरची घरघर थांबते, सेट असा काही मोकळा होतो की विचारू नका. पण टकटक लाइट गेल्यावरही सुरूच. (वेबएसडीआरचं उलट. लाइट गेली की तासाभरात राउटरची बॅटरी संपते आणि नेदरलँड्सही गप्प.)

बॅटरीवर चालणारं आणि सेकंदाला एकदा ठोका देणारं गावात एकच आहे, झटका मशीन. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी शेजारच्या काकांनी कुंपणाला लावलेलं. त्यांना घरी बोलावून एका कानाला वेबएसडीआर लावलेला मोबाइल आणि दुसऱ्याला सेट लावला.

"हे काय आयकून राह्यलो मी, गुरुजी?"

"तुमची झटका मशीन, काका."

"अन् ह्या मोबाइलात?"

"त्यात नाही, ते दूरचं आहे."

काका खूश झाले. "म्हंजे मशीन चांगली जोरात चालू हाये!"

त्याच रात्री टॉर्च घेऊन दोघं धुऱ्यावरून फिरलो. मशीनचा दोष नव्हता. तिसऱ्या खांबावरचं इन्सुलेटर फुटलं होतं आणि तार ओल्या बाभळीला टेकून निळी ठिणगी मारत होती. दर ठिणगी म्हणजे माझ्या सेटवर एक टक. काकांनी मशीन बंद केली, प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा चिरून तारेवर चढवला आणि परत चालू केली. घरी येऊन पाहिलं तर काटा जेमतेम हलत होता. पण लक्ष देऊन ऐकलं तर टकटक अजून येते. बहुतेक नाल्यापलीकडचं कुंपण.

इकोलिंक ठेवलंय, रविवारी सकाळी ओळखीच्यांशी बोलायला. वेबएसडीआरचं पान रोज उघडं असतं.