सोसायटीच्या मराठी कामकाजासाठी लिबरऑफिस रायटर: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचं कार्यालय लहान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर आणि जवळपास सगळा पत्रव्यवहार मराठीतून: सभेच्या नोटिसा, इतिवृत्तं, थकबाकीची पत्रं, ना-हरकत दाखले. दरवर्षी पैसे भरावे लागणारं सॉफ्टवेअर नको, असं कमिटीत ठरलं आणि सचिव म्हणून मी सगळं काम लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमधल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रामवर नेलं. त्याला आता एक आर्थिक वर्ष उलटून गेलं. गूगल डॉक्सचाही विचार झाला होता. चौघांनी मिळून मसुदा करायला ते फार सोयीचं आहे, पण आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी निवड करताना मेनू किती देखणे आहेत हे बघू नये, देवनागरी कशी हाताळली जाते ते बघावं. रायटर ती उत्तम हाताळतो, पण सुरुवातीला थोडी मांडणी करून घ्यावी लागते. तो रोमन आणि देवनागरी मजकुराचे फॉन्ट वेगवेगळे धरतो. स्टाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीत, एकाचंच माप बदललं, तर नोटिशीतले मराठी शब्द 13 च्या मापात आणि ‘दि. 14/09’ मधले आकडे 12 मध्ये, असा कागद छापून येतो. म्हणून ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची (देवनागरीसारख्या लिप्यांच्या सोयीची) खूण करा आणि तिथली भाषा मराठी ठेवा. मग डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्ये दोन्हीकडे एकच फॉन्ट आणि एकच माप द्या. आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतला. तो मोफत आहे आणि त्यातली देवनागरी व रोमन अक्षरं एकमेकांशेजारी शोभतात. एवढं झालं की ती फाइल डिफॉल्ट टेम्प्लेट म्हणून जतन करा, पुन्हा बघावं लागत नाही. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक फायदा: फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं आपोआप येतात. राज्य शासनाच्या 2009 च्या शासन निर्णयात हीच वळणं धरली आहेत, आणि संस्थेच्या कागदावर ती दिसली की मला मनापासून बरं वाटतं.

टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत. ‘ऱ्हास’, ‘सुऱ्या’ मधला ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. आमच्या ऑफिसातल्या ताईंचा हात आठवड्याभरात बसला.

सर्वात जास्त वेळ वाचला तो मेल मर्जमुळे, म्हणजे एकाच मसुद्यात यादीतली नावं-आकडे आपोआप भरण्याच्या सोयीमुळे. सदनिका क्रमांक, सभासदाचं नाव, थकबाकी अशी कॅल्कची (लिबरऑफिसमधल्या तक्त्यांच्या प्रोग्रामची) शीट जोडली की प्रत्येकाचं पत्र तयार. सगळी एकाच फाइलमध्ये घ्या किंवा सुटी काढा. पहिल्यांदा जोडणी करताना डोकं लावावं लागतं. वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण 14 दिवस द्यावे लागतात, तेव्हा एका दुपारी सगळं छापून मोकळं होणं ही मोठीच सोय आहे. पीडीएफ काढताना ‘हायब्रिड’चा पर्याय निवडला, तर त्याच पीडीएफमध्ये मूळ फाइलही राहते आणि पुढच्या वर्षी तीच रायटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते.

उणी बाजू वर्डच्या .docx फाइलींची. वर्डमध्ये सजवलेल्या करारातले तक्ते, चौकटी आणि कलमांचे क्रमांक इथे उघडल्यावर जागा सोडू शकतात. पुनर्विकासाच्या करारात कलम 7 चं 8 झालेलं चालणार नाही. म्हणून वकिलांशी फाइलींची देवाणघेवाण ज्या संगणकावरून होते, त्यावर आम्ही वर्ड ठेवला आहे. ज्यांचं निम्मं काम असंच असेल त्यांनी सरळ वर्डच घ्यावा.

जुन्या, युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधली इतिवृत्तं मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडा, तो फॉन्ट संगणकावर नसेल तर रोमन अक्षरांची खिचडीच दिसते. ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून घ्यावी लागतात. त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः सभासदांची आडनावं आणि ठरावांचे शब्द. सही-शिक्क्याच्या मूळ प्रतीचा स्कॅन त्याच फोल्डरमध्ये ठेवा.