सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलीच्या सायनसची शस्त्रक्रिया : नागपूरच्या धंतोलीतील एका कान-नाक-घसा रुग्णालयाच्या सेवेविषयी

पाचपैकी चार तारे.

माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव मी येथे दिलेले नाही. अशा मुलांच्या नाकाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना रुग्णालयाकडून काय मिळायला हवे, हे मात्र नावाशिवायही सांगता येते.

सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकात दोष असला की पेशींतून क्षार आणि पाणी यांची ये-जा बिघडते व शरीरातील स्राव चिकट होतात. फुप्फुसे आणि स्वादुपिंड यांविषयी सगळेच सांगतात, परंतु नाकाभोवतीच्या पोकळ्यांतही, म्हणजे सायनसमध्येही, तोच घट्ट स्राव साचतो, त्यात जंतू घर करतात आणि पुढे पॉलिप वाढतात, ज्याला माझ्या सासूबाई 'नाकात मांस वाढणे' म्हणतात. बारा वर्षांखालील मुलाच्या नाकात पॉलिप दिसले तर घामातील क्लोराईड तपासावे, असा डॉक्टरांचा संकेतच आहे. आमच्या मुलीचे निदान मात्र त्याआधीच, साडेतीन वर्षांची असताना, वारंवारचा न्यूमोनिया आणि तेलकट शौच यांवरून झाले होते. तिच्या घामातील क्लोराईड ६० मिलीमोल प्रति लिटर या मर्यादेच्या बरेच वर होते.

मागच्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती रात्रभर तोंड उघडे टाकून झोपू लागली, घोरू लागली आणि सकाळी डोके दुखते म्हणून शाळेला नाही म्हणू लागली. शहरातील एका रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो. तेथे सीटी स्कॅन झाला, डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरली, सगळे सायनस भरलेले आहेत असे सांगितले आणि त्याच आठवड्यातील शस्त्रक्रियेची तारीख देऊ केली. डॉक्टरांची ही भेट दहा मिनिटांची होती. तिची फुप्फुसांची फाईल आमच्या हातात होती, पण ती कोणी उघडून पाहिली नाही, आणि मुलगी झोपते कशी हेही कोणी विचारले नाही. मी त्या रात्री खूप घाबरले होते. तारीख घेऊन टाकावी असे घरातील सर्वांचे मत होते, आणि तिच्या छातीच्या डॉक्टरांनी 'ताई, आणखी एक मत घ्या' असे म्हटले नसते तर आम्ही ती घेतलीही असती.

धंतोलीतील या रुग्णालयात आम्ही मार्चमध्ये गेलो. पहिली भेट जवळजवळ पाऊण तासाची झाली. डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि मुलीलाच विचारायला सुरुवात केली : कोणत्या कुशीवर झोपतेस, डब्यातील भाजीचा वास येतो का, खेळताना नाकाने श्वास घेता येतो का. फिल्मविषयी त्यांनी जे सांगितले ते मला कोणीतरी आधीच सांगायला हवे होते. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या सीटीत सायनस भरलेलेच दिसतात, कपाळातील सायनस पुष्कळदा नीट वाढलेलेही नसतात, आणि अशी फिल्म असूनही काही मुलांना फारसा त्रास नसतो. म्हणून शस्त्रक्रिया करायची की नाही हे मुलाच्या त्रासावरून ठरते. सीटीचा मुख्य उपयोग, शस्त्रक्रिया ठरलीच तर डोळा आणि मेंदू यांच्या जवळची हाडांची रचना आधी समजून घेण्यासाठी. त्यानंतर त्यांनी बारीक दुर्बीण नाकात घालून पाहिली. आधी बधिर करणारा फवारा मारला, दुर्बीण मुलीच्या हातात दिली आणि 'बेटा, तू थांब म्हटलेस की मी थांबेन' असे सांगितले. ती दोनदा थांब म्हणाली आणि ते दोन्ही वेळा खरोखर थांबले. दोन्ही बाजूंना पॉलिप होते, डावीकडे अधिक.

तरीही त्यांनी तारीख दिली नाही. आधी तीन महिने औषधोपचार नीट करून पाहू, असे ते म्हणाले, आणि 'नीट' म्हणजे काय हे त्यांच्या परिचारिकेने अर्धा तास बसून शिकवले. २४० मिलीलिटरच्या पिळण्याच्या बाटलीने दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे. मान बेसिनवर पुढे झुकवायची, तोंड उघडे ठेवायचे. पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे, नळाचे थेट कधीही नाही. मीठ लिटरला ९ ग्रॅम या प्रमाणात, कारण कमी पडले तर नाक झोंबते आणि मग मूल बाटली पाहूनच पळते. सासूबाई जलनेती करतात, त्यांनी आपले तोटीचे भांडे चालेल का असे विचारले. त्यांना उत्तर मिळाले की भांडे चालेल, पण पाणी आणि मीठ याच मापाने, आणि भांडे प्रत्येक वेळी स्वच्छ धुऊन कोरडे करून. स्टेरॉइडचा फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूकडे मारायचा, हेही आम्हाला पाच वर्षांत प्रथमच समजले.

नागपूरचा उन्हाळा जवळ आला होता आणि त्याविषयी त्यांनी आपणहून दोन गोष्टी सांगितल्या. या मुलांच्या घामातून मीठ फार जाते, त्यामुळे पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात त्यांना पाण्याबरोबर जादा मीठही लागते. तातडी नसेल तर उपाशी ठेवणे, भूल देणे आणि शस्त्रक्रियेनंतरचे कमी खाणे-पिणे हे सगळे अशा दिवसांत टाळलेले बरे. दुसरी गोष्ट कूलरची. स्यूडोमोनास हा जंतू, या मुलांच्या फुप्फुसांचा मोठा शत्रू, साचलेल्या पाण्यात आणि ओलाव्यात राहतो, आणि ओल्या गवताच्या जाळीवर बुरशी धरते. म्हणून कूलर मुलीच्या खोलीत नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आम्ही तिच्या खोलीत एसी बसवला. नाकाच्या डॉक्टरांनी घरातील कूलरची चौकशी करणे मला तेव्हा अनपेक्षित वाटले होते, परंतु सायनसमधील जंतू खाली फुप्फुसांत उतरतात हे समजल्यावर ते अगदी सुसंगत वाटले.

जूनअखेर डोकेदुखी कमी झाली होती, झोप मात्र तशीच होती. जुलैत तिला छातीचा संसर्ग झाला आणि थुंकीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्यूडोमोनास आला. नाकातील स्रावाच्या नमुन्यातही तोच होता. तेव्हा कान-नाक-घसा डॉक्टर आणि छातीचे डॉक्टर आमच्यासमोर फोनवर बोलले. मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण एरवी दोन डॉक्टरांमधील निरोप पोहोचवण्याचे काम आईच्याच गळ्यात पडते आणि त्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याचा ताप मुलाला होतो.

सप्टेंबरच्या भेटीत शस्त्रक्रिया करावी असे त्यांनी सुचवले आणि कारणे कागदावर मराठीत लिहून दिली : उपचार नीट करूनही नाक बंद राहणे, झोप मोडणे, फुप्फुसांत आणि नाकात तोच जंतू सापडणे. त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात शस्त्रक्रियेने काय होणार नाही, तेही लिहिले होते. आजार जाणार नाही. श्वासाच्या चाचणीतील आकडा वाढेल असे वचन देता येत नाही, कारण याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पॉलिप पुन्हा येण्याची शक्यता मोठी आहे आणि अनेक मुलांना काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया लागते. नाक धुणे बंद करता येणार नाही, उलट शस्त्रक्रियेनंतर पाणी आत खोलवर पोहोचेल म्हणूनच ती करायची. मी चेहऱ्याच्या वाढीविषयी विचारले. लहान वयातील या शस्त्रक्रियेने चेहऱ्याची वाढ खुंटेल अशी भीती पूर्वी होती, पण अशा मुलांवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवल्यावर ती खरी ठरली नाही, असे त्यांनी सांगितले. सीएफटीआरच्या दोषावरच काम करणाऱ्या गोळ्यांविषयीही मी विचारले. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने पुष्कळ रुग्णांच्या सायनसचा त्रासही कमी होतो, परंतु ती सगळ्याच जनुकदोषांवर लागू पडत नाही आणि तिची किंमत आमच्यासारख्या घराच्या आवाक्यात नाही. ही चर्चा त्यांनी टाळली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. विचाराला आम्हाला तीन आठवडे दिले. मुलीचे बाबा शेवटपर्यंत तयार नव्हते. दुसरी शस्त्रक्रिया लागणारच असेल तर पहिली तरी कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी मुलगीच म्हणाली की तिला तोंड मिटून झोपायचे आहे.

दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. पूर्वतयारी उत्तम होती. स्वादुपिंड नीट काम करत नसल्याने या मुलांत स्निग्धांशाबरोबर के जीवनसत्त्वही कमी शोषले जाते आणि रक्त गोठण्यास वेळ लागू शकतो. म्हणून पीटी-आयएनआर तपासणी दहा दिवस आधीच करून घेतली आणि ती थोडी लांबलेली आल्यावर के जीवनसत्त्व देऊन पुन्हा केली. चार दिवस आधी दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक आणि छातीतील कफ सुटण्यासाठी दोन वेळची फिजिओथेरपी दिली. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी स्वतः भेटल्या आणि भुलेत असतानाच फुप्फुसांतील कफही ओढून घेऊ व तपासणीला पाठवू, असे त्यांनी सांगितले. एका भुलेत दोन कामे होतात हे मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या मुलांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी हे अवश्य विचारावे.

आता चौथ्या ताऱ्यानंतरचा तारा का दिला नाही, ते सांगते. सकाळी पहिला क्रमांक आमचा असेल असे आश्वासन होते. मध्येच तातडीचा रुग्ण आला, ते समजण्यासारखे आहे, पण मुलगी तीन तास जास्त उपाशी-तहानेली राहिली आणि सलाईन मी दोनदा जाऊन सांगितल्यावर लागले. मीठ-पाणी कमी पडल्यास अशा मुलांचे आतडे तुंबू शकते, हे वॉर्डातील मंडळींना माहीत असायला हवे होते. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवणाबरोबर द्यायच्या असतात, तर परिचारिका त्या गोळ्यांच्या ठरलेल्या वेळी आणून देत होत्या. मी पहिल्या दिवसापासून त्या माझ्याकडे मागून घेतल्या. रविवारी फिजिओथेरपिस्ट आलेच नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतरचा तो तिसरा दिवस होता. प्रतीक्षालय लहान असून खोकणाऱ्या रुग्णांची गर्दी असते. दूरध्वनी करून गेले तर थेट आत घेतात, परंतु हे त्यांनी आपणहून सांगायला हवे. एकदा त्याच दिवशी हाच आजार असलेले दुसरे मूल येणार होते, तेव्हा मात्र दोघांच्या वेळा त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या, कारण या मुलांचे जंतू एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यात किमान दोन मीटर अंतर ठेवावे लागते. बिल अंदाजापेक्षा साधारण एक-पंचमांश जास्त आले. पॉलिप कापून ओढणाऱ्या यंत्राचे ब्लेड अंदाजपत्रकात धरलेलेच नव्हते. विम्याने जन्मजात आजार म्हणून हात वर केले, त्यात रुग्णालयाचा दोष नाही. गाडीने जाणाऱ्यांनी धंतोलीत वाहन उभे करायला जागा मिळेल असे धरू नये. आम्ही पुढच्या सगळ्या भेटींना मेट्रोने काँग्रेसनगरला उतरून गेलो.

नंतरची देखभाल पुन्हा पहिल्या भेटीच्या तोलाची होती. दुसऱ्या दिवसापासून नाक धुणे सुरू झाले, आठवडाभर शिंकरायला बंदी होती, आणि खपल्या काढायच्या भेटीला डॉक्टरांनी पुन्हा तोच 'थांब'चा नियम पाळला, त्यामुळे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली नाही. प्रत्येक सायनसमधील पू वेगळ्या डबीत घालून कल्चरला पाठवला होता आणि पुढचे अँटिबायोटिक त्यावरून ठरले. तिसऱ्या आठवड्यात मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून, न बघता, आज हिंगाची फोडणी आहे असे म्हणाली. तिला तो वास शेवटचा कधी आला होता हे आमच्यापैकी कोणालाही आठवले नाही.

सहा महिन्यांच्या दुर्बीण तपासणीत उजवी बाजू मोकळी आहे; डाव्या बाजूला लहान पॉलिप पुन्हा दिसू लागला आहे. श्वासाच्या चाचणीचा आकडा आधीएवढाच आहे. दोन्ही गोष्टी सप्टेंबरच्या त्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात लिहिलेल्या होत्या, म्हणून त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघे शांत होतो. फवाऱ्याची मात्रा वाढवली आहे, मुलगी तोंड मिटून झोपते आहे, आणि पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे.