मीठ-बर्फ प्रयोगसंच : तापमापीसाठी घ्यावा, पुस्तिकेसाठी नव्हे

जळगावच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून मीठ आणि बर्फ यांच्या प्रयोगाचा तयार संच आमच्या शाळेसाठी ४५० रुपयांना घेतला आणि एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेत, सातवीच्या वर्गात तो वापरून पाहिला. स्टीलचे दोन पेले, मिठाच्या पुड्या, दोऱ्याचे रीळ, तापमापी आणि एक पुस्तिका एवढे साहित्य त्यात मिळते. बर्फ अर्थातच आपला आपण आणायचा.

यातली खरी मोलाची वस्तू तापमापी. शाळांच्या प्रयोगशाळेत सहसा असते ती तापमापी उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतच दाखवते, आणि कुटलेल्या बर्फात त्याच्या एक तृतीयांश वजनाचे मीठ नीट कालवले की तापमान त्याच्याही खाली जाते. संचातली लाल द्रवाची तापमापी उणे ३० पर्यंतची असल्याने मुलांना उणे १४ हा आकडा स्वतः वाचता आला. (या मिश्रणाची सीमा उणे २१ च्या आसपास आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या पेल्यात तिथवर पोचणे कठीणच.) मीठ घातलेल्या पेल्यावर बाहेरून नखाने खरवडता येईल असा पांढरा थर धरला होता, तर नुसत्या बर्फाच्या पेल्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते.

पुस्तिकेबद्दल मात्र तक्रार आहे. ‘कोणत्या पेल्यातील बर्फ आधी वितळतो?’ एवढाच प्रश्न ती विचारते, त्यामुळे मीठ बर्फाला गरम करते अशी समजूत करून घेऊन मुले मोकळी होतात. वास्तविक मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळताना ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता मुख्यतः त्या मिश्रणातूनच ओढून घेत असल्याने मिश्रण आणखी थंड होते. हे पुस्तिकेत कुठेच सलग सांगितलेले नाही. उदाहरण दिले आहे ते परदेशातील बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकण्याचे. असला रस्ता आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, पण कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर जाडे मीठ कशाला घालतो, असे विचारताच अर्धा वर्ग बोलू लागला.

अर्ध्या तासाने निरीक्षण करण्याची सूचनाही खान्देशात उपयोगाची नाही, कारण चाळिशी ओलांडलेल्या उन्हाळ्यात तोवर दोन्ही पेल्यांत पाणीच उरते. पेले थर्माकोलच्या खोक्यात ठेवावेत आणि प्रयोग पहिल्याच तासाला उरकावा. ५० ग्रॅमची पुडी १५० ग्रॅम बर्फालाच पुरते, तेव्हा किराणा दुकानातून मीठ वेगळे आणलेले बरे. उरलेले खारे पाणी झाडांच्या आळ्यात ओतू नये. पसरट ताटात उन्हात ठेवले की मीठ परत मिळते, आणि उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही.

ज्या शाळेत शून्याखाली पुरेशी उतरणारी तापमापी आधीच आहे, तिने या संचावर खर्च करू नये. आम्ही आणखी दोन तापमाप्या सुट्ट्या मागितल्या, तेव्हा दुकानदाराने पूर्ण संचच घ्यावा लागेल असे सांगितले.