सावनदुर्गला गाईड घेऊन: बूट वगळता पैसे वसूल

बंगळुरूजवळच्या सावनदुर्गच्या कातळावर दोर लावून चढायला गेलो होतो. पैशांचं आधी सांगते. आम्ही चौघं, दोन दिवस, दोन गाईड, दोर आणि सगळं सामान त्यांचं, मिळून चौदा हजार. राहणं, जेवण आणि बंगळुरूहून गाडी वेगळी. पुण्यात हा आकडा सांगितल्यावर एकाने लगेच ऐकवलं, "एवढ्यात लिंगाणा सुळका दोनदा होईल की." होईल, नाही कोण म्हणतंय. गाईडचं नाव मात्र लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत.

खरी किंमत वसूल झाली ती फोनवरच. किती सुळके केलेत हे त्यांनी विचारलंच नाही. लीड कोण करतं, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे कोण चढतं, उघड्या स्लॅबवर, म्हणजे सपाट उतरत्या कातळावर कधी चढलाय का, गुडघ्याचं दुखणं कुणाला, मधमाशीची ॲलर्जी कुणाला, असे प्रश्न. मार्चमध्ये जमेल का म्हटलं तर सरळ नाही. कातळ तापला की बुटाचं रबर मऊ पडतं आणि पाय धरत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. पावसाची सर आली तर त्या दिवशी चढाई बंद आणि पैसे पुढच्या तारखेला वळते. आग्यामोहळं कड्यांवर असतात, म्हणून अत्तर, डिओ घरी ठेवा, पायथ्याशी धूर नको. साठ मीटरचे दोन दोर का, तर अर्ध्यातून परतायची वेळ आली तर दोन्ही जोडून पूर्ण लांबीचं रॅपल करता यावं, म्हणजे दोरावरून खाली उतरता यावं म्हणून. वन खात्याकडची चौकशीही त्यांनीच केली.

सावनदुर्ग बंगळुरूपासून साधारण साठ किलोमीटरवर, मागडीजवळ. समुद्रसपाटीपासून 1226 मीटर. करीगुड्डा आणि बिळीगुड्डा अशी ही दोन डोंगरांची जोडगोळी, खाली वीरभद्राचं आणि नरसिंहाचं देऊळ. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा ग्रॅनाइट अडीचशे कोटींचा. वयाशी चढणाऱ्याला देणंघेणं नाही, पोताशी आहे. आपल्याकडे पायऱ्या, खाचा, कपारी, आणि प्रत्येक होल्ड (हातापायाची पकड) ठोकून बघायची सवय. इथे वरचे पापुद्रे सुटून गेलेला गोलाकार उतार, आणि हाताला धरायला बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

म्हणून पहिला अख्खा दिवस त्यांनी पायथ्याच्या सोप्या उतारावर घालवला. आमच्यातल्या तरुण मंडळींची कुरकुर सुरू झाली. आधी हात पाठीमागे बांधून चढायचं. मग तळवे नुसते टेकवून. टाचा खाली, पावलं छोटी, कंबर कातळापासून लांब. सह्याद्रीत भीती वाटली की आपण कड्याला बिलगतो. इथे बिलगलं की वजन पायावरून सरकतं, घर्षण कमी होतं आणि पाय सुटतो. गाईड प्रत्येकाच्या टाचेकडे बघत खाली उभा, आणि टाच उचलली की "मॅडम, हील!" ही आरोळी. रात्री झोपेतही ऐकू येत होती. पण दुसऱ्या दिवशी कुणी लटकलं नाही ते या आरोळीमुळेच.

दुसऱ्या दिवशी अंधारात निघालो, उजाडता उजाडता पहिल्या पिचवर, म्हणजे चढाईच्या पहिल्या टप्प्यावर. लीड त्यांचं, आम्ही सेकंड, म्हणजे त्यांच्या मागून दोराला बांधून. कातळात ठोकलेले बोल्ट एकमेकांपासून इतके लांब की खालून बिले देताना, म्हणजे लीडरचा दोर सांभाळताना पोटात गोळा येतो. लीडर इथे सुटला तर हवेत लोंबकळत नाही, खरखरीत दगडावरून सालपटं काढत खाली येतो. त्यामुळे स्लॅबची सवय नसताना स्वतः लीड करायचा हट्ट धरू नका. स्टेशनवरची, म्हणजे पिच संपल्यावर थांबायच्या जागेवरची शिस्त बघण्यासारखी होती: दोन्ही बोल्टना अँकर (आधाराची बांधणी), आपला कॅरॅबिनर (दोराची कडी) स्वतः बंद केलेला असला तरी ते हात लावून बघणारच. वर नंदीच्या मंडपापाशी दहा मिनिटं, आणि उतरायला पलीकडची चालायची वाट. त्यासाठी चालायचे बूट हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) अडकवून न्यायला आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पाणी माणशी तीन लिटर, तेही संपलं.

आता तक्रार. भाड्याचे क्लाइंबिंग शूज वाईट. अंगठ्याखालचं रबर गुळगुळीत, एका जोडीचं तर शिवणीपाशी उसवलेलं, आणि अर्धे नंबर नाहीतच. ज्या खडकावर सगळा भरवसा पावलावर, तिथे दोर, हार्नेस, हेल्मेट नवंकोरं ठेवून शूजमध्ये काटकसर का करावी, कळत नाही. तोंडावरही सांगितलं. "नवीन मागवलेत" म्हणाले. मागवले असतील.

ज्यांनी ग्रॅनाइटचा स्लॅब केलेला आहे त्यांना पहिला दिवस जड जाईल, त्यांनी एका दिवसाचाच भाव विचारावा. बाकीच्यांनी दोन्ही दिवस घ्या आणि शूज स्वतःचे न्या: सपाट तळाचे, बोटं सरळ राहतील असे. नखं कापून जा. सरावाच्या कृत्रिम भिंतीवर वापरतात तसले बोटं दुमडणारे आखूड शूज आमच्यातल्या एकाने नेले होते, प्रत्येक स्टेशनवर ते काढून तो पाय चोळत बसायचा आणि मागच्या दोरावरची मंडळी थांबायची.